करी रोडचा इंग्रजीचा तास

मराठी माध्यमाच्या हायस्कुलात जूनमधला इंग्रजीचा पहिला तास धड्याचा नसतो, नियमांचा असतो. वही दोनशे पानी हवी. तिला खाकी कव्हर, कव्हरावर नाव, इयत्ता, तुकडी. डावीकडे समास आखलेला. प्रश्न काळ्या शाईने, उत्तर निळ्या. शब्दार्थांची वही वेगळी आणि प्रत्येक शब्द पाच वेळा लिहिलेला. गाईड शाळेत आणायचे नाही. गृहपाठ राहिला तर दुसऱ्या दिवशी पालकांची सही. आणि अगदी शेवटी, घंटा व्हायच्या बेतात असताना सांगितलेला नियम: इंग्रजीच्या तासाला इंग्रजीतच बोलायचे.

करी रोड, लालबाग, परळ या पट्ट्यातल्या मुलांच्या वह्यांची पहिली पाने चाळली की हेच नियम थोड्याफार फरकाने दिसतात. नववीतल्या एका मुलीने ते फार सुबक अक्षरात उतरवून घेतले होते. नियम इंग्रजीचे, पण लिहिलेले मराठीत. खाली बाईंची लाल शाईतली सही आणि तारीख. मी तिला विचारले, यातला कुठला नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो? तिने जरासुद्धा विचार न करता शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. ‘हा कोणीच पाळत नाही. बाई पण मराठीतच समजावतात ना.’ तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस पडतो, गाडी उशिरा येते, तसे तिने ते सांगितले.

नियमांची ती यादी पुन्हा वाचली तर लक्षात येते की बहुतेक ओळी वहीविषयी आहेत. वही कशी असावी हे शाळेला नेमके माहीत आहे. मुलाच्या तोंडून वर्षाच्या शेवटी काय निघाले पाहिजे, याविषयी मात्र यादी गप्प आहे. गिरणगावातल्या मुलाकडून इंग्रजीत काय अपेक्षा ठेवायची, हा प्रश्न आपण फार वर्षे वहीपाशीच थांबवला, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची किंमत या वस्तीने मोजली आहे.

ही वस्ती कोणती ते नीट पाहायला हवे. करी रोड स्टेशनातून पश्चिमेला उतरले की ना. म. जोशी मार्ग. जुनी माणसे अजून डिलाईल रोडच म्हणतात. पूर्वेला भारतमाता, लालबाग. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली, त्यानंतर लष्कराने जे तीन पादचारी पूल उभारले त्यांतला एक करी रोडचा. सकाळी त्या पुलावर एका दिशेने गळ्यात ओळखपत्र अडकवलेली ऑफिसची माणसे आणि दुसऱ्या दिशेने दप्तर पाठीला लावलेली मुले, असा उलटसुलट प्रवाह चालतो. श्रीनिवास मिलच्या जागेवर आता लोढांचे मनोरे आहेत, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि हॉटेले, फिनिक्स मिलमध्ये मॉल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले बहुतेक पुन्हा साच्यावर परतलेच नाहीत.

गिरणीच्या गेटवर इंग्रजी लागत नव्हती. जॉबरशी ओळख, गावचा माणूस आणि बदलीचा पास असला की खात्यात शिरता येई. कोकणातून किंवा घाटावरून आलेला सातवी नापास मुलगा साचेखात्यात उभा राहून घर चालवू शके. आज त्याच जमिनीवरच्या काचेच्या दारापाशी त्याचा नातू पार्सल घेऊन जातो तेव्हा दारावरची बाई त्याच्याशी इंग्रजीत बोलते. रखवालदाराच्या नोकरीलासुद्धा दोन वाक्ये विचारतात. गिरणी जाऊन ऑफिस आले, तेव्हा या वस्तीत आत शिरण्याची अटच बदलली, आणि ही नवी अट पुरी करायची जबाबदारी सगळी शाळेच्या इंग्रजीच्या तासावर येऊन पडली.

ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. इथे ३२ इमारती, खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. आता म्हाडाचा पुनर्विकास चालू आहे आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर ठरले आहे. पण या शंभर वर्षांत जी मुले तिथे वाढली त्यांनी गृहपाठ कुठे केला? व्हरांड्यात, जिन्यात, गच्चीवर, गणेशोत्सव मंडळाच्या अभ्यासिकेत. एकाच खोलीत सहा माणसे आणि टीव्ही असताना मोठ्याने इंग्रजी वाचायचे, तर आधी घरातल्यांची आणि मग शेजारच्यांची परवानगी लागते. त्यातून चुकले की हसणारी चुलतभावंडे. मुले मनात वाचतात ती त्यामुळे. आणि मनात वाचलेली इंग्रजी तोंडात येत नाही.

इंग्रजी शिकण्याच्या नियमांचा या भागातला सर्वांत प्रसिद्ध दाखला एका घरातला आहे, शाळेतला नव्हे. सुभेदार रामजी आंबेडकर मुलांना घेऊन मुंबईत आले तेव्हा परळच्या डबक चाळीत राहिले. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या एका खोलीचे वर्णन आहे. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तिथेच जाते आणि तिथेच शेळी. वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावाला उठवून स्वतः झोपत, आणि मुलगा रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात अभ्यासाला बसे. रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते, मुख्याध्यापक होते. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. शब्द अचूक बसला पाहिजे, मराठी वाक्याला नेमके इंग्रजी वाक्य सापडले पाहिजे, हा त्यांचा दंडक. आधी मराठा हायस्कूल, मग एल्फिन्स्टन हायस्कूल, आणि १९०७ मध्ये मॅट्रिक. पुढे कोलंबिया आणि लंडन. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तेव्हाही बाबासाहेब परळच्याच चाळीत राहत होते.

ही हकीकत आपण नेहमी जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. ती जिद्दीची आहेच. पण वर्गाच्या नियमांचा विचार करताना तिच्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या खोलीत जागा नव्हती, उजेड नव्हता, पैसा नव्हता, पण इंग्रजी येणारा, ती शिकवता येणारा आणि रोज ऐकून घेणारा माणूस होता. मुलाचे वाक्य चुकले की त्याच रात्री चुकले म्हणून सांगणारा. रामजींचा नियम कडक होता आणि तो पुरा करायला ते स्वतः मुलाबरोबर रात्र वाटून घेत होते. आजच्या शाळेच्या यादीत ‘पालकांनी सही करावी’ एवढेच उरले आहे. ज्या आईने गावी सातवीपर्यंत शिकून पुढे चार घरची पोळ्या-भाजीची कामे धरली, ती इंग्रजी गृहपाठाखाली सही करते म्हणजे काय करते? पान भरलेले दिसले की सही करते. तिच्याकडून याहून वेगळे काही होणार नाही हे सही मागणाऱ्यालाही ठाऊक असते. मग महिन्याला पैसे भरून क्लास लावला जातो, आणि घर व शाळा दोघेही मोकळे होतात.

सरकारच्या पातळीवर इंग्रजी कोणाला आणि कधी द्यायची हा वाद फार जुना आहे. १८४०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात वाद झाला तेव्हा गिरगावचे नाना शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांतून शिकवावे या बाजूचे होते, आणि अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या. त्याच सुमाराला पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजीची थोरवी गायली होती, कारण ज्यांना संस्कृत पाठशाळेची दारे बंद होती त्यांना इंग्रजीची उघडी दिसत होती. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. नानांना सगळ्यांपर्यंत विद्या पोचवायची होती, सावित्रीबाईंना कोंडलेल्यांची सुटका हवी होती. पुढच्या राज्यकर्त्यांनी मात्र या दोन्हींतले सोपे तेवढे घेतले.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने मराठी शाळांतली इंग्रजी पाचवी ते सातवीतून काढून आठवीपासून ठेवली. १९५४ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंच्या काळात इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाच्या नसलेल्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देऊ नये असा हुकूम निघाला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो हुकूम रद्द झाला. परिणाम काय झाला? ज्यांना फी परवडत होती त्यांना इंग्रजी माध्यमाचे दार कोर्टाने खुले ठेवले. लालबाग-परळच्या मुलाला मात्र तेरा वर्षांचा होईपर्यंत एबीसीडीसाठी थांबायला लावणारा नियम तसाच राहिला. त्या पिढीतले निवृत्त गिरणी कारकून आणि बेस्टचे कंडक्टर आजही म्हणतात की आमची इंग्रजी आठवीत सुरू झाली आणि अकरावीत संपली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती पुन्हा पाचवीवर आली. २००० च्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून सर्व शाळांत इंग्रजी आली. त्या निर्णयावर तेव्हा खूप टीका झाली. मला तो निर्णय न्यायाचा वाटतो. पण पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षे रोज तास होऊनही मूल बोलत नसेल, तर दोष वर्षांच्या संख्येत शोधून भागणार नाही.

तो कुठे आहे हे पाहायला वर्गात मागच्या बाकावर बसावे लागते. मी बसलो. आठवीचा वर्ग, पट पन्नासच्या आसपास, तास ३५ मिनिटांचा. बाई आत आल्या आणि सगळा वर्ग उभा राहून एका सुरात, हेल काढून ‘गुऽऽड मॉर्निंग टीऽऽचर’ म्हणाला. हजेरी झाली, ‘प्रेझेंट टीचर’. एक मुलगा उशिरा आला, ‘मे आय कम इन टीचर’. पुढच्या अर्ध्या तासात त्या वर्गातल्या मुलांनी स्वतःहून उच्चारलेली इंग्रजी वाक्ये एवढीच. बाईंनी धडा वाचला, चांगला वाचला. ओळीचा अर्थ मराठीत सांगितला. फळ्यावर प्रश्न आणि उत्तरे लिहून दिली. मुलांनी ती उतरवून घेतली. पुस्तकात पाठाआधी ‘वॉर्मिंग अप’ नावाचा भाग असतो. जोडीने बोला, गटात चर्चा करा, खेळ खेळा असे त्यात सुचवलेले असते. बालभारतीच्या पुस्तकातली ही सगळ्यांत जिवंत पाने. त्या दिवशी ती उलटून पुढे जाण्यात आले.

तास झाल्यावर बाईंना विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘सर, पन्नास मुलं गटात बोलायला लागली की शेजारच्या वर्गातले सर दार वाजवतात. आणि पोर्शन कोण पुरा करणार?’ हे खोटे नाही. ३५ मिनिटांतली पाच हजेरीत आणि शिस्तीत गेली, की उरलेल्या वेळात पन्नास मुलांना बोलायला द्यायचे तर एकेकाच्या वाट्याला पाऊण मिनिटसुद्धा येत नाही. त्यातच मतदार यादी, जनगणना, पोषण आहाराचे हिशेब अशी कामे शिक्षकांच्या डोक्यावर. बाई आळशी नाहीत. त्यांच्याकडून जे मोजले जाते ते त्या करतात, आणि मोजली जाते ती वही. तपासायला येणारे अधिकारी वह्या मागतात. मुलाला बोलायला लावून ऐकणारा अधिकारी त्यांनी नोकरीत पाहिलेला नाही, असे त्यांनीच सांगितले.

पुढच्या एका तासाला त्यांनी एका मुलाला माझ्यासमोर वाचायला उभे केले. त्याने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या शब्दाला अडखळला. मागून कोणीतरी खुसखुसले. मुलाची मान खाली गेली आणि आवाज इतका उतरला की पुढच्या बाकालाही ऐकू जाईना. बाईंनी मागे वळून पाहिले, म्हणाल्या, ‘हसलं कोण? उभा राहा, आता तू वाच.’ हसणारा उभा राहिला आणि तोही त्याच शब्दाला अडला. वर्ग एकदम गप्प झाला. ‘बसा दोघंही. बाळांनो, हा शब्द मलाही नववीत असताना येत नव्हता,’ बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो शब्द तुकडे पाडून फळ्यावर लिहिला. पहिल्या मुलाने तो पुन्हा वाचला, या वेळी सरळ. त्या तीन-चार मिनिटांत त्या वर्गाला इंग्रजीचा जो नियम कळला तो पहिल्या पानावर कुठेच लिहिलेला नव्हता: चुकणाऱ्याला हसायचे नाही.

या नियमाला मी सगळ्यांत वरची जागा देईन. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. छडी बऱ्याच अंशी गेली. हसणे गेले नाही, आणि ते फक्त मुलांचे नसते. इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांत मराठी बोलल्याबद्दल दंड घेतात, गळ्यात पाटी अडकवतात. तोही त्याच जातीचा अपमान आहे. स्वतःच्या भाषेची लाज वाटायला लावून दुसरी भाषा शिकवता येते ही समजूत आधी सोडली पाहिजे. करी रोडच्या त्या बाईंनी धडा मराठीतून समजावला याला माझी हरकत नाही. अर्थ मराठीत कळला म्हणून काही बिघडत नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेतसुद्धा मराठी भाषांतराला काही गुण राखून ठेवलेले आहेत, तर्खडकरांचा वारसा तेवढा तरी टिकला आहे. हरकत आहे ती मुलाची पाळीच न येण्याला.

ही पाळी यावी म्हणून व्यवस्थेने एक चांगली सोय केलेली आहे, आणि तिचे आपण जे केले ते शोचनीय आहे. दहावीला मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ही तृतीय भाषा. १०० गुणांपैकी ८० लेखी आणि २० तोंडी. ऐकणे आणि बोलणे यांसाठी हे २० गुण. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत सरसकट १८-१९ गुण वाटले जाऊ लागले, मुलाने तोंड उघडो वा न उघडो. गुणांची ही खिरापत थांबवायची म्हणून सरकारने भाषांचे अंतर्गत गुणच काढून टाकले आणि २०१९ च्या मार्चमध्ये पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा झाली. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. २०१८ ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ ला ७७.१० टक्क्यांवर घसरला. पालक, शाळा, राजकारणी सगळे हादरले. इतर बोर्डांच्या मुलांपुढे आमची मुले अकरावीच्या प्रवेशात मागे पडतील अशी ओरड झाली आणि त्याच वर्षी २० गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के.

या सगळ्या गदारोळात तोंडी परीक्षा नीट घेऊ या, असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. एका बाजूने गुण वाटा, दुसऱ्या बाजूने गुण काढून टाका. मुलाला समोर बसवून पाच मिनिटे त्याचे ऐकणे हा तिसरा मार्ग होता आणि त्याला कष्ट पडतात. इंग्रजीच्या तासाची अपेक्षा काय, याचे सरकारने दिलेले सर्वांत स्पष्ट उत्तर हे २० गुण होते. आपण ते निकाल फुगवायला वापरले. जे मूल न बोलता १९ गुण घेऊन बाहेर पडले त्याला लोअर परळच्या मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला दातखीळ बसते, आणि तेव्हा बोर्डाचे १९ गुण त्याच्या उपयोगी पडत नाहीत.

सेमी इंग्रजीच्या वर्गांविषयीही एक वाक्य लिहायला हवे, कारण मराठी शाळा टिकवण्याचा तो आधार झाला आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला प्रकाशसंश्लेषणाचा इंग्रजी शब्द बिनचूक लिहिता येतो, पण तहान लागली आहे हे इंग्रजीत सांगता येत नाही.

संध्याकाळी साडेसहानंतर याच वस्तीत वेगळे वर्ग भरतात. रात्रशाळेची परंपरा मोठी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. ज्यांचे नाव या रस्त्याला आहे ते नारायण मल्हार जोशी मुळात शाळामास्तर. काही वर्षे शिकवून १९०९ मध्ये ते भारत सेवक समाजात गेले, १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापली आणि परळच्या गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये सुरू केली. ज्या आयटक या कामगार संघटनेत ते पुढे होते ती १९२० ची. म्हणजे कामगारांच्या संघटनेच्या आधी त्यांनी कामगारांचा वर्ग भरवला होता. हे करी रोडच्या लोकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे.

आजच्या रात्रशाळेत गिरणी कामगार नाहीत. कुरिअर पोचवणारे, हॉटेलात प्लेट उचलणारे, दुकानात उभे राहणारे, घरकाम करणाऱ्या मुली, आणि मधेच शाळा सुटलेले तीस-पस्तिशीचे लोकही. काहीजण सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसण्याऐवजी इथे येतात, कारण वर्ग मिळतो. दिवसाच्या शाळेचा पाच-सहा तासांचा अभ्यास इथे तीन तासांत बसवायचा. इथे ‘वेळेवर यायचे’ हा नियम लावला तर वर्ग रिकामा राहील. एका वर्गात सात वाजून गेल्यावर एक मुलगा दारात थांबला, अंगावर अजून डिलिव्हरीच्या कंपनीचा टी-शर्ट. सरांनी हाताने आत ये म्हटले, उशीर का झाला हे विचारले नाही. मग म्हणाले, ‘आज शेवटची ऑर्डर कुठे दिलीस ते इंग्रजीत सांग बघू.’ मुलगा उभा राहिला. इमारतीचे नाव, मजला, लिफ्ट बंद होती, बाई रागावली, हे त्याने मोडक्यातोडक्या, काळ चुकलेल्या, पण न थांबणाऱ्या इंग्रजीत सांगितले. सरांनी मध्ये तोडले नाही. संपल्यावर दोन क्रियापदे फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांकडून दुरुस्त करून घेतली. त्या मुलाचे आठ-दहा वाक्यांचे बोलणे मी दिवसाच्या वर्गात ऐकलेल्या सगळ्या इंग्रजीपेक्षा जास्त होते.

त्या सरांचा नियम एकच आहे. रोज हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायचे नाही, दिवसभरातले एक वाक्य इंग्रजीत सांगायचे. पट लहान आहे म्हणून हे जमते, हे ते स्वतःच कबूल करतात. पण पन्नासांच्या वर्गातही रोज दहा जणांचे वाक्य ऐकले तर आठवड्यात प्रत्येकाची पाळी येते. हजेरीला जी पाच मिनिटे जातात त्यांतच हे होते. त्यासाठी नवा निधी लागत नाही की प्रशिक्षणाचा आदेश.

रात्रशाळांची स्थिती मात्र चांगली नाही. इमारत दिवसाच्या शाळेची, प्रयोगशाळेला कुलूप, वाचनालय बंद. २०१७ च्या मे महिन्यात सरकारने दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत अशी दुबार नोकरी करणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळेतून कमी केले. वर्षानुवर्षे शिकवणारे अनेक अनुभवी शिक्षक एका फटक्यात गेले आणि कितीतरी शाळांची घडी विस्कटली. निकिता केतकर यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ‘मासूम’ ही संस्था मुंबईतल्या रात्रशाळांना अल्पोपाहार, पुस्तके, फिरती प्रयोगशाळा, जादा शिकवणी पुरवते. दिवसभर राबून आलेल्या मुलाला आधी काहीतरी खायला मिळावे, हाही वर्गाचा नियम असू शकतो हे त्यांनी दाखवून दिले. हे काम एका संस्थेवर सोपवून सरकारने स्वस्थ बसणे योग्य नाही.

या सगळ्या हिंडण्यातून माझे मत पक्के झाले आहे. शाळेने मुलावर घातलेल्या प्रत्येक नियमाच्या जोडीला शाळेने स्वतःवर एक घालून घ्यावा. मुलाने इंग्रजीत बोलावे असे म्हणायचे तर आठवड्यातून एकदा तरी त्याची बोलायची पाळी येईल हे शाळेने लिहून द्यावे. गृहपाठ घरून करून आणायला सांगायचे, तर ज्याच्या घरी जागा नाही त्याच्यासाठी शाळा सुटल्यावर एक वर्ग तासभर उघडा ठेवावा. गाईड आणायला बंदी, तर बाईंनी फळ्यावर गाईडमधलेच उत्तर लिहू नये. पालकांची सही हवी, तर पालकांना करता येईल असे काम द्यावे. मूल रोज दहा ओळी मोठ्याने वाचेल आणि आई ऐकेल, अर्थ कळला नाही तरी चालेल. अडखळले की तिला ते ऐकू येते, त्यासाठी इंग्रजी यावी लागत नाही. आणि तोंडी परीक्षेचे २० गुण ज्याचे त्याला, ऐकून, द्यावेत. मुख्याध्यापकांनी ती परीक्षा चालू असताना वर्गात जाऊन बसावे.

वहीला कव्हर असावे, समास आखावा, अक्षर चांगले यावे, याला माझा विरोध नाही. गिरणगावच्या शाळांनी अत्यंत गरिबीत मुलांना नीटनेटकेपणाची सवय लावली आणि ती त्यांना जन्मभर पुरली. पण ते पहिले पान आता बदलायला हवे, आणि ते बदलणे मंत्रालयाच्या हातात जेवढे आहे त्याहून जास्त आपल्या हातात आहे.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण लालबाग, परळ, करी रोड, चिंचपोकळीच्या मराठी शाळांत शिकून बँकेत, विम्यात, सरकारी नोकरीत गेले, निवृत्त झाले. आज इंग्रजी वृत्तपत्र सहज वाचतात, नातवंडांशी इंग्रजीत बोलतात. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आपण शाळेला पंखे देतो, पाण्याचे कूलर देतो, भिंतीवर नाव लागते. या वर्षी ते राहू द्या. दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की आपल्या जुन्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांकडे आठवड्यातला एक तास मागून घ्या. शिकवायला नको, ऐकायला. दहा मुले समोर बसवा, प्रत्येकाला पाच मिनिटे बोलू द्या, मध्ये तोडू नका, हसणाऱ्याला हसू देऊ नका. दहावीच्या तोंडी परीक्षा परीक्षेच्या हंगामात, साधारण फेब्रुवारीत होतात. तोवर दोन-अडीच महिने मिळतात. शाळेने नाही म्हटले तर रात्रशाळेत विचारा. तिथे नाही म्हणणार नाहीत.